आपाची चेष्टा

कार्डिफमधल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. शेजारी कुणी मिक्सर लावला की आमच्या कपाटातल्या बरण्या वाजतात. त्या भिंतीपलीकडे आपा राहते. ती बांगलादेशची, माहेर कुमिल्ल्याजवळचं, मी मिरजेची. मी तिला आपा म्हणते, ती मला दिदि म्हणते. म्हणजे दोघीही समोरचीला थोरली ठरवून मोकळ्या झालो आहोत, आणि वयाने खरी मोठी कोण हे आम्ही मुद्दाम काढलेलं नाही.

आमची भाषा ही तीन भाषांची खिचडी. कामाचं इंग्रजीत, गमतीचं सिनेमातून शिकलेल्या हिंदीत, आणि घाईत असलो की ती बांगलात आणि मी मराठीत. सारखे शब्द सापडले की आम्हाला फार आनंद होतो. तिचा राग तो माझाही राग. तिच्या घरी अतिथी येतात, माझ्याही येतात. असा एखादा शब्द सापडला की ती मागच्या अंगणातून हाक मारून सांगते, आणि पलीकडच्या घरातला वेल्श म्हातारा आम्हाला काय झालं म्हणून डोकावून बघतो.

आपा एका शाळेत गणिताच्या वर्गाला मदतनीस आहे. मी मॅमोग्राम काढते. आमची व्हॅन आठवड्याचे काही दिवस वर डोंगरातल्या गावांत जाते, सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये उभी राहते, आणि गावातल्या बायका खरेदीच्या पिशव्या घेऊनच आत येतात. थंड यंत्राला चिकटून उभं राहायचं, श्वास रोखायचा, मग सोडायचा. या कामात एक गोष्ट पक्की कळते. गाठ वाट बघत नाही. तिला तुमच्या सुट्ट्या, संप, निवडणुका काही माहीत नसतं.

हे सांगायचं कारण आपाची आई. तिला मीही मा म्हणते. एका उन्हाळ्यात ती कार्डिफला राहायला आली होती, तेव्हा आपा शाळेत गेली की ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी भाकरी थापत असले की ती माझ्या हाताकडे टक लावून बघायची आणि मान हलवायची. ते कौतुक होतं की नापसंती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती परत गेल्यावर वर्षभराने तिच्या छातीत गाठ निघाली. आपाने रजा काढून तिला मुंबईला नेलं, तिथे ऑपरेशन झालं, केमो झाली आणि ती बरी झाली. मग दर सहा महिन्यांनी मा कुमिल्ल्याहून सीमा ओलांडून आगरतळ्याला जायची, तिथून विमानाने मुंबई, तपासणी करून परत. परदेशात जातो आहोत असं तिला कधी वाटलं नाही. शेजारी डॉक्टर चांगला आहे म्हणून जायचं, इतकंच.

मग तो जुलै आला. बांगलादेशात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आपा अंगणाच्या भिंतीवरून मला म्हणाली, कोट्याविरुद्ध मोर्चे निघालेत, माझे भाचे पण गेलेत. अभिमानाने सांगत होती. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. कोट्याविरुद्धचे मोर्चे मी आयुष्यभर बघितले आहेत, आणि त्यातल्या घोषणा कुणाला उद्देशून असतात तेही मला ठाऊक आहे. आमच्या घरात मी कॉलेजात गेलेली दुसरी मुलगी, आणि तिथे कशी पोचले हे मी कुणापासून लपवलेलं नाही. मी तिला सरळ सांगितलं, आपा, आरक्षणाविरुद्धचा आनंद माझ्या भिंतीवर आणू नकोस.

ती गोंधळली. मग तिने शांतपणे समजावलं. तो कोटा मुख्यतः स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या मुलांचा आणि नातवंडांचा होता. पिढ्या उलटल्या तरी चालूच, आणि सत्तेवरच्यांना तो सोयीचा. पोरांना तो बदलून हवा होता. मी विचारलं, मग बायकांचा कोटा? डोंगरातल्या छोट्या जमातींचा? त्यावर ती म्हणाली, त्याबद्दल तू विचारतेस तसं कुणी विचारायला हवं होतं. आमचं त्यावर पूर्ण एकमत अजूनही झालेलं नाही. ते झालं नाही म्हणून आमचं काही बिघडलंही नाही.

त्या आंदोलनाचं नाव तिने मला सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. कोटा संस्कार आंदोलन. बांगलात संस्कार म्हणजे सुधारणा. रस्ता उखडला की त्याचा संस्कार करतात, घराला डागडुजी लागली की घराचा संस्कार. मी तिला सांगितलं, आमच्याकडे संस्कार आई करते, आणि मूल उलट बोललं की शेजारचे म्हणतात, याच्यावर काही संस्कारच नाहीत. ती म्हणाली, मग आमच्या सरकारवर तुमचे आणि आमचे, दोन्ही संस्कार करायला हवेत.

नंतर हसण्यासारखं काही उरलं नाही. तिकडचं इंटरनेट बंद झालं. आपाला आईचा आवाज ऐकू येईना, भाच्यांचा पत्ता लागेना. ती संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, फोन उलटा ठेवायची आणि लगेच पुन्हा सुलटा करायची. पुढे भाचे सुखरूप असल्याचं कळलं, ऑगस्टमध्ये सरकार पडलं, सत्तेवरच्यांनी सीमा ओलांडून आमच्याच देशात आसरा घेतला. त्या दिवशी आपाने दुधातल्या शेवया करून आणल्या. आमच्या घरात त्याच वेळी भारतातलं चॅनेल लागलेलं होतं आणि त्यावर चार माणसं एकदम ओरडत होती. भिंतीपलीकडे तिचं चॅनेल ओरडत होतं. एकाच बातमीचे दोन आवाज एका भिंतीला दोन्ही बाजूंनी धडकत होते. माझा नवरा शेवयांची वाटी हातात घेऊन मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मी दोन्ही टीव्ही ऑफ करून येऊ का? त्यांचा पण?"

खरा फटका त्यानंतर बसला. तिकडची भारतीय व्हिसाची केंद्रं बंद झाली. पुढे उघडली ती थोड्याशा वैद्यकीय व्हिसांपुरती, आणि त्यासाठीही वेळ मिळणं कठीण. आपाच्या आईची सप्टेंबरची तपासणी हुकली. ती हिवाळ्यापर्यंत लांबली, मग आणखी पुढे गेली. आपाने स्वतः जायचं ठरवलं, तर तिचा पासपोर्ट ब्रिटिश असला तरी जन्मगाव कुमिल्ला, त्यामुळे तिचाही अर्ज कुठेतरी अडकून पडला. आणि एका रविवारी मा फोनवर सहज म्हणाली की काखेत काहीतरी लागतंय, वाटाण्याएवढं.

आपाने मला बोलावून घेतलं. मी डॉक्टर नाही आणि फोनवरून कुणाचं निदान करत नाही, हे मी तिला आधीच सांगितलं. पण ज्या बाजूला ऑपरेशन झालं त्याच बाजूच्या काखेत गाठ लागते म्हटल्यावर तोंडावर काही दिसू न देणं मला जमलं नाही. ढाक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सल्ला दिला की ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, सगळे जुने नमुने आणि माहिती तिकडे आहे. ओळखीतले लोक आता थायलंडला जात होते, चीनला जात होते. मा म्हणाली, जिथे डॉक्टर मला नावाने हाक मारतो तिथे मी जाईन, नाहीतर घरीच बरी आहे. व्हिसासाठी मुंबईच्या हॉस्पिटलचं ताज्या तारखेचं बोलावणं हवं होतं. आपाच्या ईमेलला उत्तर येत नव्हतं. कुणीतरी तिथे जाऊन खिडकीसमोर उभं राहायला हवं होतं.

मी मिरजेची असल्याचं आधी सांगितलं ते उगाच नाही. मिरज दवाखान्यांचं गाव. आमच्या घराची पुढची खोली आई पेशंटच्या नातेवाइकांना भाड्याने द्यायची, आणि ते बहुतेक कर्नाटकातून यायचे. आईला कन्नड येत नव्हतं आणि त्यांना मराठी. सीमेचा वाद पेटला की इकडच्या बसला तिकडे काळं फासायचे, तिकडच्या बसला इकडे, मग दोन्हीकडच्या गाड्या बंद. तरी पेशंट यायचेच. टेम्पोतून यायचे, कुणी शेवटचा पल्ला चालत यायचे. एकदा आमच्या गल्लीतल्या पोरांनी आईला हटकलं, मावशी, यांना कशाला ठेवून घेता? आईने पोरांना उत्तर दिलं नाही. ती आत गेली आणि त्या बाईला तिला येत असलेलं एकमेव कन्नड वाक्य म्हणाली, ऊट आयता? जेवलीस का? एवढ्या एका वाक्यावर तिने आयुष्यभर शेजारचं राज्य सांभाळलं.

म्हणून मी अक्काला फोन केला. अक्का माझी मोठी बहीण. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत चौथीला मराठी आणि अधूनमधून पाचवीला हिंदी शिकवण्यात गेली, आता निवृत्त होऊन चेंबूरला एकटी राहते. हॉस्पिटल तिच्यापासून फार लांब नाही. मला वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल, कारण त्या पुढच्या खोलीतल्या बायकांची पाणी भरायची कामं माझ्यापेक्षा तिनेच जास्त केली होती.

अक्का म्हणाली, "टीव्हीवर रोज बघतेय मी, आपल्याविषयी काय काय बोलतात तिकडं. आणि उद्या ती बाई आली, तर सोसायटीत विचारतील, कोण आलंय तुमच्याकडं? मी काय सांगू? बांगलादेशी?"

तो शब्द तिने असा उच्चारला की जणू तो तोंडात धरणंही गैर होतं. मुंबईत तो शब्द आता देशाचा राहिलेला नाही, शिवी झाला आहे, हे मला इथे बसून माहीत होतं. तो आमच्या अक्काच्या तोंडातून येईल हे माहीत नव्हतं.

"पेशंट म्हणून सांग," मी म्हटलं. "आईनं कधी दुसरं काही सांगितलं होतं?"

 शेवटी ती म्हणाली की बरं, माझा नंबर तुझ्या शेजारणीला दे, काय काय लागतं ते तिलाच सांगू दे. मी आपाला अक्काचा नंबर दिला. आपाने त्याच संध्याकाळी सविस्तर व्हॉइस मेसेज पाठवला, मराठी येत नाही म्हणून माफी मागत, मोडक्या हिंदीत आणि मध्येच बांगलात. कागदपत्रंही पाठवली. काम सुरू झालं म्हणून मी निर्धास्त झाले आणि डोंगरातल्या व्हॅनच्या पाळ्यांवर निघून गेले.

एक आठवडा गेला, दुसराही गेला. अक्काचं आपाला उत्तर नाही. आपा मला विचारायला संकोचत होती, पण भिंतीवरून रोज माझ्या तोंडाकडे बघायची. मी अक्काला विचारलं तर ती पायदुखीचं सांगायची, शेजारच्या लग्नाचं सांगायची. तिकडे मा आता काखेखाली छोटी उशी घेऊन झोपत होती. शेवटी एका दुपारी सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, व्हॅनच्या पायरीवर बसून मी अक्काला फोन लावला आणि ठरवलं की आज ही पळवाट बंद करायची. जायचं नसेल तर नाही म्हण, मी दुसरं कुणी बघते, असं मी तिला सांगितलं.

"मी काही वेडी नाही," अक्का म्हणाली. "कुणी चेष्टा केली की मला कळते."

"कसली चेष्टा?"

"तुझ्या त्या शेजारणीनं केलेली. वर तोंड करून स्वतःच सांगते, अनेक चेष्टा करतेय म्हणून. मलाही करा म्हणते."

मला काही उमगेना. मी तिला तो मेसेज पुढे पाठवायला लावला. पायरीवर बसून, समोर ट्रॉल्या ढकलणाऱ्या बायका बघत, मी तो कानाला लावला. आपाचा आवाज थकलेला होता. हॉस्पिटलचं नाव, खिडकी, कुठला विभाग, सगळं नीट सांगून झाल्यावर ती शेवटी आपल्या भाषेत म्हणाली होती, दिदि, आमि एखाने अनेक चेष्टा कोरछि. आपनिओ एकटु चेष्टा कोरबेन.

माझ्याशी बोलताना आपा नेहमी ट्राय म्हणते. हा शब्द आमच्या गमतीच्या साठ्यात कधी आला नव्हता. संध्याकाळी परतल्यावर युनिफॉर्मही न बदलता मी तिचं दार वाजवलं आणि विचारलं, आपा, चेष्टा म्हणजे काय?

"ट्राय," ती म्हणाली. "एफर्ट. बहुत जोर लगाके ट्राय. क्यूँ दिदि?"

मी इथे खूप प्रयत्न करते आहे. तुम्हीही थोडा करा. एवढंच होतं ते. मराठीत चेष्टा म्हणजे काय ते मी तिला सांगितलं. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती दारातच जिन्याच्या पायरीवर बसली. हसायला लागली, हसता हसता तिचा चेहरा फिरला आणि ती रडायला लागली. म्हणजे इतके दिवस, ती म्हणाली, मी मदत मागत होते आणि त्यांना वाटत होतं मी टिंगल करते आहे. माझी आई तिकडे उशी घेऊन झोपते आणि मी टिंगल करते. तिला लगेच अक्काची माफी मागायची होती. मी तिला मागू दिली नाही. चूक तिची नव्हतीच.

अक्काला मी घरी येऊन फोन केला आणि अर्थ सांगितला. 

"हिंदीच्या धड्यात होता की गं हा अर्थ," ती हळूच म्हणाली. "मीच पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. मग आठवला कसा नाही मला?"

मी तिला सोडलं नाही. म्हटलं, अक्का, हाच मेसेज अथणीच्या एखाद्या कन्नड बाईचा असता तर तू आधी विचारलं असतंस की या शब्दाचा अर्थ काय. इथे विचारलं नाहीस, कारण टीव्हीने तुझे कान आधीच तयार करून ठेवले होते. तुला चेष्टा ऐकू यायचीच होती. हे मी रागाने बोलले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझी बहीण शब्दांची बाई आहे. तिने शब्द न तपासता माणूस टाकून द्यावा, याचं मला फार दुःख झालं होतं आणि ते मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "उद्या सकाळी जाते."

आणि गेली. खरं सांगायचं तर त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. सगळं आयुष्य चौथीच्या वर्गापुढे उभी राहिलेली बाई ती, हॉस्पिटलच्या खिडकीला काय घाबरणार? पहिल्या दिवशी तिला परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. डॉक्टरांच्या दाराबाहेर बसली. ताज्या तारखेचं बोलावणं हातात घेऊनच बाहेर पडली. त्यावर केलेला पहिला अर्ज कसल्याशा त्रुटीने परत आला, तर पुन्हा जाऊन दुरुस्त करून आणलं. आपा इकडून पहाटे उठून ढाक्याच्या व्हिसा केंद्रातली वेळ मिळवायला कॉम्प्युटरपुढे बसायची आणि मग शाळेत जायची. दोघी रोज एकमेकींना मेसेज पाठवायच्या. फक्त एक शब्द दोघी कटाक्षाने टाळायच्या. अक्का अगदी ठासून प्रयत्न म्हणायची, आपा ट्राय म्हणायची. पायाला ठेच लागलेली जागा माणूस जशी चुकवून चालतो तसं चाललं होतं. मला मध्ये बसून ते ऐकताना हसूही यायचं आणि कसनुसंही व्हायचं.

तिसऱ्या अर्जाला व्हिसा मिळाला. मा धाकट्या मुलाबरोबर आगरतळ्यावरून मुंबईला पोचली. अक्काने तिला लॉजवर राहू दिलं नाही, चेंबूरला घरी आणलं. परदेशी पाहुण्याची नोंद करायला स्वतः पोलिस ठाण्यात गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात विचारलंच, कोण आलंय? अक्का म्हणाली, पेशंट आलाय. पुढे त्याने काही विचारलं का म्हणून मी तिला छेडलं, तर म्हणाली की तो चौथीत माझ्याच वर्गात होता, त्याची काय हिंमत.

तपासण्या झाल्या. मला भीती होती तेच निघालं. गाठ परत आली होती, काखेत होती, पण अजून तिथेच होती, पुढे गेली नव्हती. पुन्हा केमो घ्यायची, लगेच सुरू करायची. सोमवारची तारीख मिळाली. आणि मा नाही म्हणाली.

ती चिडली नाही की रडली नाही. तिने फक्त सांगितलं, आर ना. आता नको. मागच्या वेळचं तिला सगळं आठवत होतं, तोंडाची चव गेलेली, केसांचा पुंजका उशीवर राहिलेला. मला घरी न्या, ती म्हणाली. मुलाने समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. आपा दोन दिवस फोनवर विनवत होती, रागावत होती, आणि प्रत्येक वेळी मा डोळे मिटून घ्यायची. हिला इथवर आणायला केवढं काय काय केलं, आणि आता ही स्वतःच दार लावून घेते आहे, असं आपा म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात पहिल्यांदा मला हार ऐकू आली. मला तिचा तो आवाज सहन होईना.

शनिवारी कार्डिफमध्ये रग्बीची मॅच होती, वेल्सची शेजारच्या देशाशी. असल्या दिवशी आमची गल्ली लाल जर्सी घातलेल्या माणसांनी भरून जाते आणि पलीकडचा म्हातारा सकाळपासून दारात झेंडा लावून उभा असतो. आपाचं घर गल्लीच्या तोंडाशी, आवाज नको म्हणून ती माझ्या मागच्या स्वयंपाकघरात आली. आम्ही फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावला. चेंबूरला तेव्हा रात्रीची जेवणं चालली होती. मा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुलगा दाराशी उभा होता. आपाने पुन्हा सुरुवात केली आणि दोन वाक्यांत ती पुन्हा विनवणीवर आली.

तेवढ्यात अक्का पडद्यावर आली. हातात मऊ भाताची वाटी. तिने आपाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पलंगाच्या कडेवर बसली, भात कालवला. अक्काला बांगला येत नाही, माला मराठी येत नाही. मी इकडून काही भाषांतर करायला तोंड उघडणार, तर अक्काने फोनच्या दिशेने हात वर केला. वर्गात गडबड झाली की ती करायची तसा.

"मा," ती म्हणाली, "चेष्टा." आणि एकेक अक्षर सुटं सुटं करून, "अनेक चेष्टा. तू, मी. दोघी."

मा तिच्याकडे वळली. या बाईच्या तोंडून हा शब्द कुठून आला असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने हळू आवाजात विचारलं, तुमि कोरबे? तू करशील?

"करणार की," अक्का म्हणाली. "सोडते काय?"

आणि मा हसली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. अक्काच्या बांगला उच्चाराची तिने नक्कल केली, "अ-ने-क चे-ष्टा," आणि अक्का आमच्याकडे बघून म्हणाली, आता हीच माझी चेष्टा करायला लागली बघा. मग मा पुढे झुकली, तिने एक घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि मुलाकडे मान वळवून विचारलं, सोमबार कयटाय? सोमवारी किती वाजता?

बाहेर रस्त्यावर एकदम आरोळी उठली. कुणीतरी गुण मिळवले असणार. आपाने माझा दंड घट्ट धरला होता. या महिन्यांत तिला मराठीतला तो शब्द चांगलाच पाठ झाला होता, आणि अक्का इतक्या भरभर शेवटचं काय बोलली ते तिला धड कळलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, दिदि, माझ्या आईला हसवलं ती कुठली चेष्टा? तुमची की आमची?

"तुझी," मी म्हटलं.